मदत हवी आहे: ओळीच्या पोटात सिंप्लिफिकेशन का चालत नाही?

पंचवटीकर
भाची बारावी आर्ट्सला, विषय तर्कशास्त्र. नाशिकमध्ये अकाउंट्सचे क्लास गल्लोगल्ली, याचा एक सापडेना. म्हणून पुस्तक घेऊन मीच बसलोय.

मॉडस पोनेन्स, मॉडस टोलेन्स वगैरे नऊ अनुमानाचे नियम सिद्धतेच्या फक्त पूर्ण ओळीला लावायचे. डी मॉर्गनसारखे दहा अदलाबदलीचे नियम मात्र ओळीच्या तुकड्यालाही चालतात. असं का? एक कारण सापडलं. समजा, 'गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि शहरातही पाऊस कोसळला, तर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं.' यातला पाऊस सिंप. (सिंप्लिफिकेशन: 'अ आणि ब' वरून नुसता अ) लावून उडवला, तर नुसत्या विसर्गानेच कमरेला पाणी! चूक, मान्य.

पण 'कमरेला पाणी लागलं, तर सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी शिरतं' यातून 'तर सराफ बाजारात शिरतं' हे बरोबरच आहे ना? तरी सरांनी मार्क कापले. क ⊃ (अ • ब) वरून क ⊃ अ आणायचं तरी कसं? (⊃ म्हणजे 'तर', • म्हणजे 'आणि'.)

मास्तर_निवृत्त
निष्कर्ष वैध आहे, पायरी नाही. डी मॉर्गनच्या दोन्ही बाजू सममूल्य असतात, एकीच्या जागी दुसरी कुठेही ठेवा, अर्थ हलत नाही. सिंप. एकतर्फी आहे: अ • ब वरून अ मिळतो, उलट नाही. 'तर'च्या पुढचा भाग सैल केला की विधान सैल होतं, ते चालतं. 'तर'च्या आधीची अट सैल केली की विधान उलट जास्त दावा करू लागतं. तुमचा पाऊस तिथेच अडला. नियमाला जागा बघून वागायला सांगण्यापेक्षा तुकड्यावर सरसकट बंदी सोपी.

आता सिद्धता (~ म्हणजे 'नाही', ∨ म्हणजे 'किंवा'; इम्प्लिकेशन आणि डिस्ट्रिब्युशन त्या दहापैकीच):
१. क ⊃ (अ • ब) … आधारविधान
२. ~क ∨ (अ • ब) … १, इम्प्लिकेशन
३. (~क ∨ अ) • (~क ∨ ब) … २, डिस्ट्रिब्युशन
४. ~क ∨ अ … ३, सिंप.
५. क ⊃ अ … ४, इम्प्लिकेशन

चौथ्या ओळीत सिंप. लागलंच, फक्त • मुख्य चिन्ह झाल्यावर.

मिसळप्रेमी
कंडिशनल प्रूफ शिकवलं असेल तर एवढं कशाला? क गृहीत धरा, एम.पी. (मॉडस पोनेन्स: 'क तर ख' आणि क, म्हणून ख) ने अ • ब, सिंप. ने अ, गृहीतक बंद करून क ⊃ अ लिहा.

पंचवटीकर
धन्यवाद! मग (अ ∨ ब) ⊃ क वरून अ ⊃ क पण तसंच?

मिसळप्रेमी
हो. अ गृहीत धरा, अॅडिशनने (अ वरून 'अ किंवा काहीही') अ ∨ ब, मग एम.पी. भाचीला 'हा ब आला कुठून?' विचारू दे, अॅडिशन कशासाठी असतं ते इथेच कळतं.