मदत हवी आहे : ग्रामीण बँक सोडून स्टेट बँकेत सीबीओ व्हावं का?

नमस्कार मंडळी. मी ग्रामीण बँकेत स्केल-१ (अधिकाऱ्यांची सर्वांत खालची श्रेणी) अधिकारी आहे. दोन वर्षांच्या अनुभवाची अट पूर्ण होते, त्यामुळे स्टेट बँकेच्या सर्कल बेस्ड ऑफिसरसाठी (सीबीओ, म्हणजे बँकेच्या एका सर्कलपुरता, म्हणजेच प्रादेशिक विभागापुरता नेमलेला अधिकारी) फॉर्म भरायचा विचार चाललाय. घरच्यांचं मत सरळ आहे : "स्टेट बँक ती स्टेट बँक!" माझं मात्र ठरत नाहीये.

मराठी दहावीपर्यंत होती, म्हणजे भाषेच्या चाचणीची कटकट नाही. परीक्षेचंही फारसं टेन्शन नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. स्केल-४ ची बढती किंवा १२ वर्षांची नोकरी, यातलं जे आधी होईल तोवर सर्कलबाहेर बदली नाही. आईवडील इथेच असल्याने मला ते सोयीचंच. पण उद्या लग्न झालं आणि जोडीदाराची नोकरी परराज्यात निघाली तर? शिवाय सर्कल म्हणजे काही आपला जिल्हा नव्हे. घर लातूरला आणि पोस्टिंग गडचिरोलीला, असंही होऊ शकतं ना?

सध्या खरिपाच्या पीककर्जाच्या नूतनीकरणात सातबारा आणि आठ-अ तपासता तपासता दिवस संपतो. थकायला होतं, पण शेतकरी नावाने ओळखतात. हे काम मला मनापासून आवडतं (घरी सांगितलं तर हसतील).

ग्रामीण बँकेतून सीबीओ झालेलं कुणी आहे का इथे? जुन्या नोकरीच्या दोन वेतनवाढी मिळतात, पण बढतीची ज्येष्ठता शून्यापासूनच ना? आणि विमा, म्युच्युअल फंड खपवायचा दबाव किती असतो, तेही खरं खरं सांगा.