जातं थांबतं तिथं कान द्या

जर्मन कळत नाही तर ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची गाणी ऐकून काय हाती लागणार, असं कुणी कुणी विचारतं. अहो, ‘चरख्यापाशी ग्रेटशेन’ एकदा ऐकाच. जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातलं हे काव्य शूबर्टनं १८१४ साली, वयाच्या १७व्या वर्षी स्वरबद्ध केलं. फाउस्टच्या मोहात पडलेली साधीभोळी पोर ग्रेटशेन सूत कातत बसलीय. आता तिच्या जिवाला थारा नाही. पियानो वाजवणाऱ्याचा उजवा हात सुरांतून चरख्याचं चाक फिरवत राहतो. फाउस्टच्या चुंबनाची आठवण येते अन् चाक थांबतं! मग अडखळत, अडखळत पुन्हा फिरू लागतं.

अंबाजोगाईला आजी पहाटे दळताना ओवीत सासरी गेलेल्या लेकीचं नाव आलं की जातं असंच थांबायचं. घरघर परत सुरू होईपर्यंत आम्ही पोरं वाकळेत श्वास रोखून पडून राहायचो.