उधारी बंद करा म्हणे! एकदा आमच्या गल्ल्यावर बसून दाखवा

बाजारगल्ली (सेलू)
दुकानदारांच्या व्हॉट्सअॅप गटात काल एकानं 'छोटं दुकान चालवायच्या सात युक्त्या' टाकल्या. गृहस्थ पुण्यात बसून फी घेऊन दुकानदारांना सल्ले देतात. पहिलीच युक्ती: एक तारखेपासून उधारी कायमची बंद, उधारी म्हणजे दुकानाची वाळवी. खाली तीस-चाळीस जणांनी हात जोडले. त्यातले निम्मे स्वतः वहीवर धंदा करायलेत, मला माहीत आहे. म्हणून इथं लिहायलोय.

बाकीच्या युक्त्यांवर भांडण नाही. जुना माल पुढं, नवा मागं, हे आमचे आजोबाही करायचे. स्कीमच्या मोहात माल भरू नका, हेही खरं. मागच्या उन्हाळ्यात 'दहा पेट्यांवर एक फुकट' म्हणून मी सरबताची पावडर उचलली. मृग लागला तरी सहा पेट्या तशाच. फुकटची होती ती उंदरांनी फोडली.

पण उधारी? अहो, आमच्याकडं पैसा एक तारखेला येत नाही. सोयाबीनची रास झाली, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात विक्रीची पट्टी हातात पडली की येतो. मग कापूस, मग तूर-हरभरा. मृगापासून पोळ्यापर्यंत घरातला सगळा पैसा बी-खतात, आणि चहा-साखर तर रोजच लागते. तेवढे महिने नगदी धरली तर मी माशा मारत बसेन. आणि दिवाळीत पैसा आला की गिऱ्हाईक सरळ समोरच्या दुकानात जाईल, पावसाळ्यात ज्यानं त्याला साखर दिली त्याच्याकडं.

माझ्या वहीला कायदा आहे. घरटी पाच हजार, वर एक रुपया नाही. गिऱ्हाईकाजवळ छोटी वही, माझ्याजवळ मोठी, दोन्हीत एकाच वेळी लिहायचं. पुडी, तंबाखू, थंड पेय नगदीच. दिवाळीला जुनं फिटल्याबिगर नवं पान नाही. आणि तगादा चार माणसांत करायचा नाही. संध्याकाळी घरी जायचं, चहा घ्यायचा, उठताना बोलायचं.

नगद नारायण (लातूर)
पुण्यातला माणूस आहे म्हणून त्याचं गणित चुकत नाही. आमच्या वडिलांचंही असंच 'कायद्याचं' दुकान होतं औसा रोडला. २०१५चा दुष्काळ आला. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा वहीत दोन लाख ऐंशी हजार होते. कुणाकडं मागणार? लोकांकडं प्यायला पाणी नव्हतं. होलसेलवाल्यानं माल बंद केला, फळ्या रिकाम्या झाल्या, आईचे पाटल्या-तोडे गेले. वडील शेवटपर्यंत ती लाल वही उशाला घेऊन झोपायचे. आज दुकान मी चालवतो. नगदीवर. पाटी लावली आहे आणि पाळतो.

किराण्यात सगळं मिळून सहा टक्के सुटले तर नशीब. हजाराची उधारी बुडाली की ९४० रुपयांचा माल गेला. तो भरून काढायला पंधरा-सोळा हजारांची विक्री लागते. समजा तुमचे पन्नास हजार सहा महिने वहीत निजलेले आहेत. तेच दर पंधरा दिवसाला फिरले तर बारा फेऱ्या, फेरीला तीन हजार, छत्तीस हजार सुटतात. चहा पिऊन तगादा करता ना, तो छत्तीस हजाराचा चहा आहे.

सुट्टे द्या (परभणी)
तुमच्या युक्त्या राहू द्या बाजूला. आधी गिऱ्हाईकाचे सुट्टे परत द्यायला शिका. तीन रुपये परत निघाले की तीन चॉकलेटं. मला शुगर आहे हो! वर्षभराची चॉकलेटं मी बरणीत साठवली आणि परवा तीच बरणी घेऊन दुकानात गेलो. म्हटलं, साबणाचे दहा रुपये यातून कापा. मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. तुम्ही देता ते पैसे, आणि आम्ही देतो ते चॉकलेट का?

बाजारगल्ली (सेलू)
@नगद नारायण, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण राग मानू नका, दोन लाख ऐंशी हजार एका वर्षात होत नाहीत. मर्यादा नव्हती, हिशेबाला ढिलाई होती. त्याचं खापर उधारीवर कशाला?

तुमच्या बारा फेऱ्या कागदावर बऱ्या. पैसा फिरायला समोर गिऱ्हाईक पाहिजे. लातूर शहरात शिकवणीला आलेली पोरं आहेत, घरून त्यांना दर महिन्याला पैसे येतात. आमच्याकडं कोण आहे?

नगद नारायण (लातूर)
ढिलाई? माझ्या बापानं आयुष्यात कुणाला पाच रुपये जास्त लावले नाहीत. कुणाच्या घरात मयत झाली तर पान फाडून टाकायचा. त्याला तुम्ही हिशेब शिकवणार? दुष्काळात तुमची वही किती होती ते लिहा की. लिहा!

पाटोद्याची लेक
भांडू नका, मी गिऱ्हाईकाच्या बाजूनं बोलते. दसरा झाला की आई-वडील कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचे, यायचे पाडव्याच्या सुमाराला. आम्ही तीन भावंडं आजीजवळ. मजुरीची आगाऊ उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली आणि खर्चलेली. ते पाच-सहा महिने आम्हाला दुकानदाराच्या वहीनं जगवलं, हे खरं आहे. वहीत आमचं नावही नव्हतं, 'थोरली' एवढंच लिहिलेलं. आजी स्टीलची डबी घेऊन जायची, शंभर ग्रॅम तेलाला.

आता दुसरं खरं. नगदीवाल्यापेक्षा आजीला तेल किलोमागं चार-पाच रुपये महाग लागायचं. डाळ फुटकी मिळायची. छापील किमतीच्या मालाला काही करता येत नाही, म्हणून सगळी कसर सुट्ट्या मालावर. आणि आजी बोलायची नाही, कारण पान बंद होईल. हे व्याजच की. फक्त वहीत लिहीत नव्हते.

मोंढा नांदेड
ताई बोलल्या ते होतं, कशाला लपवायचं. आणि एक अजून होतं. तेल लिटरनं घ्यायचं आणि गिऱ्हाईकाला वाटतं किलोनं मिळालं. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा यात सव्वा किलोच्या वर फरक आहे. आजही निम्मे दुकानदार डब्यावर काय लिहिलंय ते न वाचता भाव विचारायलेत, आणि मग 'शेजारी स्वस्त कसा देतो' म्हणून माझ्यासारख्या होलसेलवाल्याच्या डोक्यावर बसायलेत.

बाकी @सुट्टे द्या, चॉकलेट आम्हाला हौस म्हणून नाही. चिल्लर येते कुठून सांगा.

सुट्टे द्या (परभणी)
चिल्लर येते कुठून? माझ्याकडून येते, तुम्ही घेत नाही! दहाचं नाणं घ्या म्हटलं की 'इकडं चालत नाही'. मुलीकडं मुंबईला गेलो तर बसवाला मागून घेतो. परतीला मनमाड ओलांडून इकडं आलो की ते खोटं झालं का? १७ जानेवारी २०१८ला रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय, दहाच्या नाण्याच्या चौदाही तऱ्हा चालतात. रुपयाचं चिन्ह असलेलंही, नसलेलंही. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, ही बाजारगप्पा कुणी सोडली देव जाणे. १४४४० हा रिझर्व्ह बँकेचा नंबर लावा, रेकॉर्ड केलेली पट्टी ऐकू येते. मी दुकानात स्पीकरवर लावून ऐकवली. मालक म्हणतो, 'काका, बँकेचं बँकेत, आमचं इथं पाच रुपयाची नोट आणा.'

उदगीरकर
😂 काका, पाचची नोट! आमच्याकडं तिला सेलोटेप लावून लावून पुठ्ठा झालाय, पण दहाचं कडक नाणं नको. आठ आणेही कायद्यानं चालू आहेत म्हणे, फक्त चार आणे ३० जून २०११ला बंद झाले. देऊन बघा कुणाला आठ आणे.

वही-पेन
कायद्याचं थोडं सांगतो. २०११चा नाणे कायदा आहे, रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत वैध आहेत. म्हणजे काका, तुम्ही ती नाणी देऊ शकता. पण दोन हजारांचं बिल सगळं चिल्लरीत द्यायला गेलात तर दुकानदार नाही म्हणू शकतो.

आणि उधारीवाल्यांनी हे लिहून घ्या: विकलेल्या मालाच्या पैशाची वसुली तीन वर्षांच्या आत करायची असते, नाहीतर दावा मुदतबाह्य. मुदत संपायच्या आधी गिऱ्हाईकानं 'एवढे देणे आहे' म्हणून सही केली तर तिथून पुन्हा तीन वर्षं. दिवाळीला बाकी काढता तेव्हा खाली सही घ्या.

मोंढा नांदेड
साहेब, चार हजाराला कोर्टात कोण जातं? आणि सही मागितली की गिऱ्हाईक म्हणतं, 'एवढा विश्वास नाही का मामा?' झालं, गेलं समोरच्याकडं.

दहाच्या नाण्याचं माझं ऐका काका. मी घेतो. दुकानदार देतो, घेतो. एका दिवाळीत गोणीभर जमली. बँकेत नेली तर खिडकीवरची बाई म्हणते, गर्दी आहे, सोमवारी या. सोमवारी म्हणे मशीन बंद. तिसऱ्यांदा म्हणे शंभर-शंभरच्या पिशव्या बांधून आणा. हमाली मला, भाडं मला. मग पुढच्या वेळी मी दुकानदाराला नाही म्हटलं, त्यानं तुम्हाला नाही म्हटलं. नाण्याची अडचण ही आहे, रेघांची नाही.

सुट्टे द्या (परभणी)
मग बँकेशी भांडा ना! ते सोडून माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या हातात चॉकलेट?

उदगीरकर
क्यूआर लावा, सुट्ट्याचं भांडणच मिटतं.

नगद नारायण (लातूर)
क्यूआर कधीचा लावलाय. २०२५च्या जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा निघाल्या, यूपीआयची वर्षाची जमा चाळीस लाखांच्या वर दिसली म्हणून. तेव्हापासून उदगीर-निलंग्याचे कितीतरी दुकानदार 'नगदी द्या' म्हणायलेत. घाबरायचं कशाला? वह्या नीट ठेवा. पण वही म्हटलं की आपल्याला फक्त उधारीचीच आठवते. खरेदीची पावती विचारली की जिभेला कुलूप.

कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्का जीएसटी भरणाऱ्या आमच्यासारख्या छोट्यांना, तर त्या सप्टेंबरनं रडवलं. २२ तारखेपासून साबण, पेस्ट, शॅम्पू अठरावरून पाच टक्क्यांवर. माल अठरा टक्के भरून आणलेला, आम्हाला त्या भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही, आणि गिऱ्हाईक मोबाइल दाखवून म्हणतं, भाव कमी कर. म्हणून सांगतो, साठा कमी ठेवा. आठवड्याचा माल, दोन आठवड्यांचा फार तर.

बाजारगल्ली (सेलू)
साठ्याचं एकदम मान्य. बघा, एका गोष्टीवर तरी जमलं.

आणि तुम्ही विचारलं होतं म्हणून लिहितो. २०१६ला आमची वही एक लाख नव्वद हजार होती. आमच्याकडंही मर्यादा नव्हती तेव्हा. दुकान वाचलं ते माझ्या हुशारीनं नाही. ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या आणि आठ दिवसांत पाच-सहा वर्षांची बुडीत उधारी पाचशेच्या नोटा घेऊन दारात उभी राहिली. तोंड चुकवणारी माणसं 'मालक, राहिलंच होतं' म्हणत आली. वडील चार दिवस बँकेच्या रांगेत उभे होते. पाच हजाराचा कायदा त्यानंतरचा आहे. तुमच्या वडिलांबद्दल ढिलाई म्हणायला नको होतं.

नगद नारायण (लातूर)
ठीक आहे. म्हणजे तुमचं दुकान वहीनं नाही, नोटबंदीनं वाचवलं. पुण्याच्या पाहुण्यांना आठवी युक्ती कळवा.

(आणि मीही शेजारच्या दोन घरांना देतोच. पाटीच्या मागं लिहून ठेवतो. बाहेर सांगू नका.)

पाटोद्याची लेक
मग 'थोरली'ला किलोमागं चार रुपये का, त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही. दोघांनीही.

बाजारगल्ली (सेलू)
ताई, मी एक रुपया लावतो. चार नाही. एक लावतो. बास.

मोंढा नांदेड
काका, शुक्रवारी परभणीला येणं आहे. दहाची किती आहेत?

सुट्टे द्या (परभणी)
तीन हजारांची निघतील. एक एक मोजून घेणार का?

मोंढा नांदेड
मोजत कोण बसतं. शंभर नाणी काट्यावर ७७० ग्रॅमच्या आसपास भरतात. तीन पिशव्या करून ठेवा, नोटा आणतो.

सुट्टे द्या (परभणी)
काट्याला यंदाचा शिक्का मारलेला आहे ना?

मोंढा नांदेड
काका, तुमच्याच घरचा काटा काढा.