वाईनच्या द्राक्षाची जात डीएनए मार्करनं (जातीची ओळख दाखवणारे डीएनएचे ठरावीक तुकडे) तपासायची आहे, नमुना कसा अन् किती? (खर्च ५ हजारांच्या आत)

पैनगंगाकाठ (चिखली, बुलडाणा):
राम राम मंडळी. दीड एकर, डॉगरिज खुंटावर जागेवर कलम, शिराजच्या काड्या म्हणून भरलेल्या. ऑक्टोबर छाटणीनंतर पहिलं पीक धरणार. चार ओळींची पानं वेगळी दिसून राहिली: खाचा खोल, पाळ्या एकमेकींवर चढलेल्या. वायनरीशी कराराच्या आधी जात पक्की कळली पाहिजे. सगळं मिळून ५ हजारांच्या वर जायचं नाही.

कपाशीवाला:
शेजारच्या धुऱ्यावर २,४-डी तणनाशक मारलं का ते पाहा आधी. कपाशीला वारा लागला की पान भेंडीसारखं होते, द्राक्षाचंही पान अरुंद अन् शिरा जवळजवळ येतात. पुढची फूट सरळ आली तर भानगड औषधाची, जातीची नाही.

काळी_माती:
चार ओळी म्हणजे निदान २० वेलींचे नमुने पाठवा. अन् जुने मार्कर कशाला? ४८ एसएनपीचा (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) संच मागा, नाहीतर सरळ १८ हजार एसएनपी एकदम तपासणारी चिप. अर्धवट काम करू नये.

शेंडापान:
@काळी_माती, त्यांनी ५ हजार म्हटलंय. जात ओळखायला चिप लागत नाही. एसएसआरचे (डीएनएत पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) सहा मार्कर जगभर चालतात: व्हीव्हीएस२, व्हीव्हीएमडी५, व्हीव्हीएमडी७, व्हीव्हीएमडी२७, व्हीआरझॅग६२, व्हीआरझॅग७९. जमलं तर व्हीव्हीएमडी२५, २८ अन् ३२ जोडा.

दादा, नमुना असा घ्या. शेंड्याकडची दुसरी-तिसरी कोवळी पानं, कलमाच्या जोडाच्या वरच्या फुटीची. खालून आलेला फुटवा घेतला तर अहवाल डॉगरिजचा येईल. एका पाकिटात एकाच वेलीची पानं. द्राक्षात प्रत्येक मार्करला जास्तीत जास्त दोन आकडे (डीएनएच्या तुकड्याची लांबी) येतात. दोन वेली मिसळल्या की तीन-चार येतात अन् कशाचा काही पत्ता लागत नाही.

१ ग्रॅम पानाला १० ग्रॅम सिलिका जेल, कागदी पाकीट, वरून हवाबंद डबी. रंग बदलणारी सिलिका घ्या, रंग बदलला की लगेच नवी टाका. उन्हात वाळवू नका, ओलं पान प्लॅस्टिकमध्ये कुरियर करू नका. पान काळं पडलं की त्यातली पॉलिफिनॉल रसायनं डीएनएला चिकटतात अन् पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची क्रिया) बसत नाही. जून पानात तर हे जास्तच, म्हणून कोवळं म्हणते.

खुंटपारखी:
मूळ चूक डॉगरिज. वाईनच्या जातीला जोर जास्त होते, सावली पडते, मण्याला रंग कमी. ११०आर खुंट घ्यायचा होता. हे कोणी सांगत नाही.

काळी_माती:
डॉगरिज भारी जमिनीत काय वाईट? अन् नमुना जोडाच्या वरूनच घ्या, हे महत्त्वाचं.

तासगणेशप्रेमी:
मार्करवर इतका भरवसा ठेवू नका राजेहो. तास-ए-गणेश अन् थॉम्पसन सीडलेस या खायच्या द्राक्षाच्या जाती या मार्करला सारख्याच दिसतात.

शेंडापान:
दिसणारच, तास-ए-गणेश थॉम्पसनमधूनच निवडलेला क्लोन (काडीनं वाढवलेला उपप्रकार) आहे. वाईनच्या पिनो न्वार अन् पिनो ग्रीचंही तसंच. शिराजचा कोणता क्लोन, हे या तपासणीत कळणार नाही. पण शिराज की कॅबरने सोव्हिन्यों ही वाईनची दुसरी जात, हे नक्की कळते.

अहवालात "बहुतांशी जुळते" लिहिलं तर मान्य करू नका. कॅबरने सोव्हिन्यों ही कॅबरने फ्राँक अन् सोव्हिन्यों ब्लाँ यांची संतती, हे १९९७ मध्ये ३० मार्करवर सिद्ध झालं. म्हणजे प्रत्येक मार्करला तिचा एक आकडा फ्राँकशी जुळतोच. अर्धं जुळणं म्हणजे नातं. जात म्हणायला दोन्ही आकडे सगळीकडे जुळले पाहिजेत. अन् यंत्रागणिक आकडे एक-दोन बेसनं (डीएनएच्या अक्षरांनी) सरकतात, म्हणून जात नक्की माहीत असलेल्या शिराजचा नमुना त्याच फेरीत लावायला सांगा. मग व्हीआयव्हीसी या आंतरराष्ट्रीय जातीसूचीशी ताडा.

कपाशीवाला:
पाळ्या चढलेल्या म्हणता तर २,४-डी नसावं. खाचांच्या जागी गोल भोकं दिसत असतील तर कॅबरने असू शकते. पानं अवेळी लाल होऊन कडा खाली वळत असतील तर लीफरोल विषाणू पाहा. त्याला वेगळी आरटी-पीसीआर लागते.

खुंटपारखी:
पहिलं पीक येऊ द्या, मणी पाहून कळेल. नाहीतर चारही ओळी छाटून नवी काडी भरा.

पैनगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. भोकं आहेत, लाली नाही. २० नमुने नाही पाठवत, पीक येईपर्यंतही थांबत नाही. दोनच नमुने: एक संशयाच्या वेलीचा, एक बाकीच्या बागेतला, सहा मार्कर, जोडीला शिराजचा माहितीचा नमुना. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, मांजरीला (पुणे) उद्या दर विचारतो. बसत नसेल तर फक्त संशयाच्या वेलीचा. छाटणीनंतर तीन आठवड्यांनी कोवळी पानं काढतो. ओळी मात्र तोडणार नाही. कॅबरने निघाली तर करारात दोन जाती लिहीन अन् तोडणीला क्रेट वेगळे ठेवीन.

खुंटपारखी:
पुढच्या लागवडीला ११०आरच घ्या.