शब्दचर्चा: 'तर्काने पडताळणी' म्हणजे अंदाजाने का?

नांदेडहून, अभियांत्रिकीचा शिक्षक

नमस्कार मंडळी. माझी एक विद्यार्थिनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल मराठीत लिहायलीय. विषय मल्टी-एजंट सिस्टिमचा. आपापला निर्णय आपणच घेणारे अनेक प्रोग्रॅम एकत्र नांदतात, त्यांची रचना करायची आणि ते एकमेकांत नीट वागतील का हे कॉम्प्युटेशनल लॉजिकने आधीच सिद्ध करून पाहायचं. तिनं शीर्षक दिलं 'बहुअभिकर्ता प्रणालींची संगणकीय तर्काने पडताळणी'. सुट्टीत गावी गेली तेव्हा वडिलांनी ते वाचलं आणि विचारलं, "तर्कानं? म्हंजे अंदाजानंच करायलीस का सगळं?"

पोरगी हिरमुसली. मला मात्र वडिलांचं बरोबर वाटतं. 'तर्क लावला', 'माझा तर्क चुकला' असं आपण बोलतो तेव्हा अंदाजच म्हणायचा असतो. इथं तर अंदाजाला थाराच नाही. संगणकशास्त्रज्ञ अमिर प्नुएली यांनी १९७७ मध्ये काळाचं तर्कशास्त्र प्रोग्रॅमना लावलं, ते 'हे कधीच होणार नाही' आणि 'हे कधी ना कधी होईलच' अशी विधानं चिन्हांत मांडून पक्की करता यावीत म्हणून. तर 'तर्क', 'अभिकर्ता' आणि 'पडताळणी', या तिन्ही शब्दांवर तुमचं मत हवंय.

अंबाजोगाईहून, निवृत्त संस्कृत शिक्षिका

सर, त्या वडिलांचा कान चांगला आहे. न्यायदर्शनातसुद्धा, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातही, तर्क हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं पक्कं साधन, नव्हे. त्यातल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, त्याला जागा आहे, पण ज्ञान पक्कं होतं ते अनुमानानं. 'अग्नी नसता तर धूरही नसता' असं उलटं धरून पाहणं हा तर्क, तो अनुमानाला हात देतो. त्यामुळे शीर्षकात नुसता 'तर्क' नको. 'तर्कशास्त्र' म्हटलं की अंदाजाची छटा गळून पडते. शब्द लांबतो, लांबू द्या.

'अभिकर्ता'ला मात्र माझा ठाम विरोध आहे. तो विम्याच्या कागदावरचा शब्द, दुसऱ्याच्या वतीनं काम करणाऱ्याचा. तुमचे प्रोग्रॅम स्वतः ठरवतात म्हणता ना? मग पाणिनीकडं चला. 'स्वतन्त्रः कर्ता' (१.४.५४). क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. लगेच पुढचं सूत्र 'तत्प्रयोजको हेतुश्च': त्या कर्त्याला कामाला लावणारा, तोही कर्ताच, आणि त्याला 'हेतू' असंही नाव. एक करतो, दुसरा करवतो. तुमच्या विषयातला अर्धा भाग हाच नाही का? 'बहुकर्तृक व्यवस्था' म्हणा.

परभणीहून, शेती आणि वायरमनचं काम

सर, मला लॉजिक कळत नाही, पण अनेक कर्ते म्हंजे काय ते रोज बघतो. आमच्या शिवारात ६३ केव्हीएची डीपी, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, आहे, तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटारी. रात्रीची लाईट कधी येईल भरवसा नाही, दारं धरायला जागं कोण राहणार? म्हणून सगळ्यांनी ऑटो स्टार्टर बसवले. लाईट आली की दहाच्या दहा मोटारी एकदम उठतात. मोटार उठताना चालू मोटारीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फ्यूज उडतो, नाहीतर डीपी जळते, मग आठ-आठ दिवस ऊस वाळतो. एकेक स्टार्टर खोलून बघा, एकातही बिघाड नाही. ज्याचं त्याचं बरोबर, मिळून सगळं चूक. कामून असं होतं, हे तुमचं शास्त्र सांगतं का?

आणि 'पडताळणी' शब्द चांगलाय की ओ. शाळेत आम्ही गणिताचा ताळा करायचो. तोच तो.

नांदेडहून, मूळ प्रश्नकर्ता

दादा, तुमची डीपी मी विद्यार्थिनीला उदाहरण म्हणून दिली. तिनं काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण शब्द त्यातूनच सापडायलेत.

प्रत्येक मोटारीच्या तीन अवस्था धरल्या: बंद, उठतेय, चालू. दहा मोटारींच्या मिळून ३ चा दहावा घात, म्हणजे ५९,०४९ अवस्था. माणसाला मोजवणार नाहीत, संगणक झटक्यात तपासतो. मोटारी वीस केल्या की आकडा ३४८ कोटींच्या वर जातो, आणि या पद्धतीचं खरं दुखणं ते आहे. अशा सगळ्या अवस्था धुंडाळणाऱ्या 'मॉडेल चेकिंग'साठी क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना संगणकशास्त्रातला २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. चाचणीत आपण दहा-वीस प्रसंग चालवून बघतो. ताळ्यात एकही प्रसंग सुटत नाही. म्हणून 'चाचणी' आणि 'पडताळणी' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, एवढा आग्रह मी धरणार.

आधी तिनं सोपा उपाय मांडला. पहिली मोटार एक मिनिटानं उठेल, दुसरी दोन मिनिटांनी, असं करत दहावी दहा मिनिटांनी. 'दोन मोटारी एकाच वेळी कधीच उठणार नाहीत' हे विधान सिद्ध झालं. मग दुसरं विधान तपासलं, 'प्रत्येक मोटार कधी ना कधी उठेलच'. संगणकानं ते खोटं ठरवलं आणि कसं ते दाखवलंही: लाईट दर पाच मिनिटांनी जात-येत राहिली तर दर वेळी मिनिटं पहिल्यापासून मोजली जातात, आणि सहाव्या मोटारीपासून पुढच्या सगळ्या कायम बंद. डीपी वाचली, पण शेवटच्या शेतकऱ्याचा ऊस गेलाच. हे कळल्यावर पोरगी दोन दिवस त्याच विचारात होती.

यातल्या पहिल्या विधानातल्या गुणाला इंग्रजीत सेफ्टी म्हणतात, दुसऱ्याला लाइव्हनेस. 'सुरक्षितता' चालेल, पण 'सजीवता' माझ्या घशाखाली उतरत नाही.

अजून एक. कर्त्याच्या मनाचं वर्णन करायला बिलीफ, डिझायर, इंटेन्शन असे तीन शब्द आहेत. तत्त्वज्ञ ब्रॅटमन यांनी १९८७ मध्ये त्याची तात्त्विक बाजू मांडली, राव आणि जॉर्जेफ यांनी १९९१ मध्ये ती तर्कशास्त्रात बसवली. विद्यार्थिनीनं 'श्रद्धा, इच्छा, हेतू' लिहिलंय. स्टार्टरला श्रद्धा कशी असेल?

अंबाजोगाईहून

'समज' लिहा. समज चुकीचीही असू शकते, आणि तेच तर दाखवायचंय. 'हेतू' नको, तर्कशास्त्रात हेतू म्हणजे अनुमानाचं कारण, जसा अग्नी ओळखायला धूर; पाणिनीकडं हेतू म्हणजे करवणारा. इच्छा पुष्कळ असतात, त्यातली एक धरून तिच्यासाठी माणूस कामाला लागतो, त्याला आपण 'बेत' म्हणतो. समज, इच्छा, बेत.

धाराशिवहून, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी

सर, माझाही एक शब्द. 'कॉमन नॉलेज'चं भाषांतर मी एका ठिकाणी 'सामान्य ज्ञान' वाचलं. ते तर आमच्या पेपरातलं जीके झालं! इथं अर्थ वेगळा आहे ना?

नांदेडहून

ताई, पूर्ण वेगळा. सगळ्यांना ठाऊक, सगळ्यांना ठाऊक आहे हेही सगळ्यांना ठाऊक, आणि ही साखळी कुठंच तुटत नाही, ते कॉमन नॉलेज. घरोघर जाऊन कानात सांगितलं तर प्रत्येकाला कळतं, पण शेजाऱ्याला कळलंय का हे कळत नाही. चावडीपुढं दवंडी दिली की दोन्ही कळतं. सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' असते, तसं 'सामाईक ज्ञान' म्हणू या.

आणि दादा, हे तुमच्या डीपीशी थेट जोडलेलं आहे. विद्यार्थिनीनं उपाय सुधारला: जी मोटार राहिली तिला पुढच्या वेळी पहिला मान. पण त्यासाठी 'मी उठले' हा निरोप बाकीच्यांना पोचायला हवा. निरोप वाटेत हरवला की दोन मोटारींची एकच समज होते, 'आता मीच'. हॅल्पर्न आणि मोझेस या संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की निरोप हरवण्याची शक्यता असेल तर निरोपांच्या देवाणघेवाणीनं सामाईक ज्ञान होतच नाही, कितीही पोचपावत्या द्या. आता ती निरोपांशिवाय जमतं का ते बघायलीय.

परभणीहून

सर, तिला म्हणावं डीपीवरच एक पेटी बसव, तीच सगळ्यांना नंबर देईल. आणि तुमच्या त्या लाइव्हनेसला आम्ही 'नंबर लागणं' म्हणतो. सोसायटीत, दवाखान्यात, पाण्याला, सगळीकडं हाच शब्द. उशिरा का होईना, नंबर लागतो. लागलाच नाही तर माणूस भांडायला उठतो.