टीव्हीवरची सोंगं: तुमचे अनुभव लिहा

परवा आमच्याकडे जेवताना वाद झाला. मामाचं म्हणणं, साडी नेसलेले पुरुष आणि भसाड्या आवाजातली गाणी म्हणजे विनोद नव्हे. मला मात्र हा उघड, भडक नाटकीपणा मनापासून आवडतो. हे सोंग आहे हे नटालाही माहीत असतं आणि आपल्यालाही, तरी तो ते जीव तोडून वठवतो. नट मध्येच स्वतः हसायला लागला की माझा रस संपतो.

'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झालं, त्यातली सागर कारंडेची पुणेरी बाई आठवा. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. ती बाई मला आमच्याच जिन्यात उभी असल्यासारखी वाटायची. आणि हाच माणूस पोस्टमन होऊन पत्र वाचायला लागला की आई पदराने डोळे पुसायची. सोंग किती मनापासून केलं जातं याचा याहून वेगळा पुरावा मला नको.

तुम्हाला काय आवडलं, काय खटकलं, ते सविस्तर लिहा.

कसबा पेठेतून

मामांना माझा निरोप द्या. तमाशाच्या गौळणीतली मावशी कोण असते? पुरुषच की! डोक्यावर पदर, तोंडात टोमणे, आणि खुद्द कृष्णाची ती हजेरी घेते. बालगंधर्व स्त्रीभूमिका करायचे ती गोष्ट वेगळी, तिथे पुरुष दिसूच नये अशी साधना होती. मावशीत पुरुष दिसायलाच हवा, गंमतच त्यात आहे. टीव्हीवाल्यांनी हे नव्याने शोधलेलं नाही.

आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दूरदर्शनवर आले, ते आम्ही शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने बसून पाहिले. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव घाबरायचे तेव्हा खरोखर घाबरायचे. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ शेजारी नुसता उभा राहिला तरी माझे वडील हसायला लागत. एरवी घरात हसणारा माणूस नव्हे तो.

कोथरूड

मी इथे एका अमेरिकन मालिकेची बाजू मांडणार आहे. 'पोलीस स्क्वाड', १९८२. सहाच भाग निघाले आणि मालिका बंद पडली. लेस्ली नीलसन त्यात पोलीस डिटेक्टिव्ह आहे आणि तो एकदाही विनोदी नटासारखा वागत नाही. सगळा वेडेपणा त्याच्या आजूबाजूला चालतो. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच पाहुणा कलाकार मारला जातो, तो पुन्हा दिसतच नाही! भागाचं नाव निवेदक एक सांगतो, पडद्यावर दुसरंच येतं.

त्या काळच्या पोलीस मालिका शेवटी हसऱ्या चेहऱ्यांवर चित्र गोठवून संपायच्या. इथे चित्र गोठत नाही, नटच पुतळ्यासारखे उभे राहतात. एका भागात पकडलेला गुन्हेगार बघतो की सगळे थिजलेत, आणि सरळ पळायची वाट शोधू लागतो. तो प्रसंग मी रात्री दीडला हेडफोन लावून पाहिला आणि हसण्याने घर जागं केलं.

पण ही मालिका कपड्यांना इस्त्री करता करता बघता येत नाही. मान खाली घातली की तीन विनोद गेले. माझ्या मते ती तेव्हा न चालण्याचं हेही एक कारण असावं. पुढे १९८८ मध्ये त्याच पात्राचा 'द नेकेड गन' हा सिनेमा मात्र धो धो चालला.

बिबवेवाडी

मला एकच खटकतं. रंगावरून आणि जाडीवरून केलेले विनोद. माझी मुलगी सावळी आहे. एका कार्यक्रमात काळ्या रंगावर लागोपाठ चार विनोद झाले, तेव्हा ती उठून आत गेली. सोंग करा, हवं तेवढं भडक करा, पण माणसाच्या कातडीवर करू नका.

औंधहून

मुलाबरोबर १९६६ ची 'बॅटमॅन' मालिका पाहिली. हाणामारीत पडद्यावर मोठ्ठी अक्षरं येतात, खलनायकांच्या अड्ड्यात कॅमेरा मुद्दाम तिरका धरलेला. जोकर झालेल्या सीझर रोमेरोंनी मिशी काढायला नकार दिला होता, म्हणून पांढरा रंग मिशीवरूनच फासलेला. जवळून बघा, केस दिसतात. मुलाला ते दिसलं आणि त्या दिवसापासून जोकर त्याचा लाडका झाला. ॲडम वेस्ट यांचा बॅटमॅन सगळं इतक्या गंभीरपणे बोलतो की सहा वर्षांचं पोर त्याला खरा नायक मानतं आणि मी शेजारी पोट धरून हसतो. दोघंही बरोबरच आहोत.

वारजे

आमचा अनुभव घरचाच आहे. सोसायटीच्या गणपतीत आम्ही सासू-सुनेच्या मालिकांचं विडंबन बसवलं. पार्किंगमध्ये स्टेज. सासूचं काम मी केलं, बायकोची नऊवारी आणि तिच्या आत्याची ठुशी घालून. सून म्हणते, "आई, मीठ संपलं." लगेच तिघांनी मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तीनदा मारायचा, मी तीनदा मान वळवायची, मागे पातेल्यावर पळीचा दणका. नऊ मिनिटांच्या प्रवेशात मिठाचा प्रश्न सुटतच नाही.

तालमीला तळमजल्यावरच्या आजी येऊन बसायच्या. त्या या मालिका रोज बघतात, एकही भाग चुकवत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, आपण यांना दुखावलं. मी जवळ जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "अहो, ती मान अशी नाही वळवत. आधी भुवई वर, मग श्वास, मग मान. आणि पदर डाव्या हाताने धरा."

करून बघितलं. पार्किंगमध्ये टाळी पडली ती त्या भुवईला. पुढच्या वर्षी सासूचं काम आजींनीच केलं.