अनुभव धागा : सोलापुरात राहून ड्रीम थिएटरची भक्ती कशी निभवावी

साडेसातमात्रा

धागा काढतानाच एक अट. ‘नववीत असताना चुलतभावाने कॅसेट दिली आणि आयुष्य बदललं’ छापाच्या आठवणी इथे नकोत. त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. इथे कामाचं लिहा : काय कोणत्या क्रमाने ऐकायचं, मात्रा कशा मोजायच्या, आपल्या उन्हात गिटार आणि रेकॉर्डी कशा टिकवायच्या, मुंबईची मैफल गाठून परत कसं यायचं. धाग्याचं दैवत ड्रीम थिएटर, म्हणजे विषम मात्रांचं लांबलचक मेटल वाजवणारा अमेरिकी बँड, पण मेशुगा, टूल, ओपेथ या बँडना मज्जाव नाही.

पहिला मान मीच घेते. ॲपमध्ये आधी तीन गोष्टी बंद करा : शफल, क्रॉसफेड (एक गाणं विरतानाच पुढचं सुरू करणं) आणि अल्बम संपल्यावर आपोआप लागणारी ‘तत्सम’ गाणी. क्रॉसफेड पाच सेकंदांवर राहिला तर एकमेकांत मिसळणाऱ्या गाण्यांचे सांधे चिरडले जातात. १९९९ चा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ म्हणजे १२ तुकड्यांची, सुमारे ७७ मिनिटांची एकच गोष्ट आहे. ती तुकड्यांत ऐकणं म्हणजे कीर्तनातला फक्त पूर्वरंग ऐकून उठणं. त्याआधी १९९२ चा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ ऐकलेला हवाच, कारण ‘मेट्रोपोलिस’चा पहिला भाग त्यात आहे आणि १९९९ चा अख्खा अल्बम हा त्याचा दुसरा भाग. ‘पुल मी अंडर’ शेवटी कात्रीने कापल्यासारखं थांबतं. फाइल खराब नाही, ते तसंच आहे. दर महिन्याला कुणीतरी नवीन माणूस विचारतो, म्हणून लिहून ठेवलं.

पुढची गंमत माहीत नसेल तर हातची जाते. ‘सीन्स’ ज्या खरखरीवर संपतो त्याच खरखरीने २००२ चा ‘सिक्स डिग्रीज’ सुरू होतो. त्याचा शेवटचा स्वरमेळ २००३ च्या ‘ट्रेन ऑफ थॉट’च्या तोंडाशी येतो, आणि ‘ट्रेन’चा शेवटचा पियानोचा सूर २००५ च्या ‘ऑक्टाव्हेरियम’च्या तोंडाशी. ‘ऑक्टाव्हेरियम’ मात्र जिथून निघाला तिथेच येऊन संपतो. तो आठवा अल्बम, गाणी आठ, आणि गाण्यांचे षड्ज एफपासून चढत चढत वरच्या एफपर्यंत जातात. हे चारही अल्बम प्लेलिस्टमध्ये सलग लावा, मध्ये काही घुसडू नका.

ड्रमर पोर्टनॉयने व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांवर लिहिलेली पाच गाणी पाच अल्बमांत विखुरलेली आहेत. क्रम असा : द ग्लास प्रिझन, धिस डाइंग सोल, द रूट ऑफ ऑल इव्हिल, रिपेंटन्स, द शॅटर्ड फोर्ट्रेस. सगळी मिळून तासाच्या आत. २०१६ चा ‘द ॲस्टॉनिशिंग’ ३४ तुकड्यांचा आणि दोन तासांहून लांब आहे. तो सगळ्यात शेवटी. त्याच्यापासून सुरुवात केलेला माणूस परत येत नाही.

रूपकवाला

मात्रांबद्दल. बहुतेकांची चूक एकच : विषम मात्रा दिसल्या की चारच्या हिशोबात कोंबायच्या आणि मग ‘एक मात्रा जास्त आली’ म्हणून अडखळायचं. सातची सवय आपल्या कानाला आधीच आहे. रूपक म्हणजे ३-२-२. दहा म्हणजे झपतालाचे २-३-२-३. फरक इतकाच की मेटलमध्ये खाली-भरी नसते. कुठे जोर द्यायचा हे रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) ठरवतो, त्यामुळे तेच सात कधी ४-३, कधी २-२-३ असे पडतात. आधी गट शोधा, आकडा मागाहून आपोआप निघतो.

तोंडाने म्हणायला कर्नाटकी बोल जास्त सोयीचे. आपल्या गावात कानडी-तेलुगू घरं भरपूर आहेत, शेजारी मृदंग शिकणारं पोर असेल तर त्यालाच विचारा. तीन म्हणजे ‘तकिट’, चार ‘तकधिमि’, पाच ‘तक तकिट’, सात ‘तकिट तकधिमि’, नऊ ‘तकधिमि तक तकिट’. एक-दोन-तीन मोजताना जीभ वेगात अडकते, बोल अडकत नाहीत.

सरावाला टूलचं ‘लॅटरॅलस’ घ्या. त्याच्या मुखड्यात ९, ८ आणि ७ असे गट येतात. बेरीज २४. पायाने आठ-आठची आवर्तनं धरून ठेवली तर पहिला गट एकने पुढे सरकतो, शेवटचा एकने मागे येतो, आणि तिसऱ्या आवर्तनाअखेर पाय आणि गाणं पुन्हा एका जागी भेटतात. हे जमलं की मेशुगाकडे वळा.

मेशुगाचं गणित ऐकायला अवघड आणि कागदावर सोपं आहे. झांज चारच्या ठेक्यात शेवटपर्यंत हलत नाही, खाली गिटार आणि पायाचा ढोल वेगळ्याच लांबीचा तुकडा फिरवतात. ‘न्यू मिलेनियम सायनाइड ख्राइस्ट’मध्ये हा तुकडा २३ सोळांशांचा आहे (सोळांश म्हणजे पाव मात्रा). पाच वेळा वाजला की ११५ होतात. चार मात्रांच्या आठ आवर्तनांचे सोळांश होतात १२८. उरतात १३. मग सहाव्यांदा तोच तुकडा सुरू करून १३ वर कापतात आणि पुन्हा पहिल्यापासून. ‘रॅशनल गेझ’मध्ये तुकडा २५ चा : पाच वेळा १२५, वर ३. आपल्याकडे तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) आधीच अशी बेततात की ती समेवर येऊन पडावी. इथे हिशोब बसवतच नाहीत, सम आली की जे उरलं ते सरळ तोडतात. म्हणूनच झटका बसतो. ऐकताना गिटारमागे धावू नका. मान झांजेबरोबर हलवा आणि दर आठव्या आवर्तनाला समेची वाट बघा.

ड्रीम थिएटरचं ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ सर्वांत शेवटी. सहा मिनिटांच्या त्या वाद्यरचनेत मात्रांचे बदल मोजणाऱ्यांनी १०८ मोजले आहेत. (जपमाळ घेऊन बसायला हरकत नाही.) ॲपमध्ये वेग ०.७५ करा आणि एका बैठकीत पंधरा-वीस सेकंदांचाच तुकडा घ्या.

पूर्वभागातला

रेकॉर्डींबद्दल थोडं. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली रात्री अकरापर्यंत तापलेली असते. विनाइल तेवढ्याने वितळत नाही, पण तिरकी टेकवलेली किंवा आडवी एकावर एक रचलेली रेकॉर्ड त्या उष्णतेत स्वतःच्या वजनाने वाकते. उभी ठेवा, अगदी काटकोनात, ना घट्ट ना सैल. पश्चिमेच्या भिंतीला कपाट नको. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दहा मिनिटंही ठेवू नका. गाडीतलं तापमान साठच्या पुढे जातं आणि तिथे मात्र विनाइल खरंच मऊ पडतं.

आपल्या भागात दुसरा शत्रू म्हणजे मागांवरून उडणारा कापूस. हवा कोरडी, त्यामुळे रेकॉर्डीवर स्थिर वीज साठते आणि तंतू तिला चिकटून बसतात. सुईच्या टोकावर त्याचा गोळा झाला की झांजांचा आवाज फाटतो, आणि लोक उगाच सुई बदलतात. प्रत्येक बाजू लावण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश दोन फेऱ्या, सुईला मागून पुढे मऊ ब्रश. उलट दिशेने कधीही नाही, काडी वाकते. कागदी आतली पिशवी टाकून प्लॅस्टिकच्या अस्तराची घ्या.

जमवणाऱ्यांसाठी एक नोंद : ड्रीम थिएटरचा ‘लाइव्ह सीन्स फ्रॉम न्यूयॉर्क’ हा संच ११ सप्टेंबर २००१ लाच बाजारात आला आणि मुखपृष्ठावर जळतं न्यूयॉर्क होतं. तो परत मागवून मुखपृष्ठ बदललं. जुन्या मुखपृष्ठाची प्रत म्हणून कुणी भाव सांगितला तर आतली पुस्तिका आणि तबकड्या हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसतं वरचं पान छापणं काहीच अवघड नाही.

सातवीतार

ड्रीम थिएटरचा गिटारवादक पेट्रुचीने सात तारांची गिटार ‘अवेक’ या अल्बमपासून, म्हणजे १९९४ पासून वापरली. ती घेण्याआधी हे वाचा. सातवी तार खालच्या बी सुराला लावतात. तारेची लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर ती ५६ पेक्षा (जाडी इंचाच्या हजारांशांत) पातळ घेतली तर लुळी पडते आणि जोरात छेडली की सूर क्षणभर वर चढतो. ५९ किंवा ६२ घ्या. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याच्या) खाचेत बसत नसेल तर खाच कानसून घ्यावी लागते, नाहीतर तार अडकते आणि सूर लावताना टक्-टक् आवाज करत उडी मारते.

उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पट्ट्यांची (फ्रेट) टोकं कडेने बाहेर येतात आणि हाताला बोचतात. पावसाळ्यात उलट. त्यात आपल्याकडे कूलर! कूलरसमोर स्टँडवर ठेवलेली गिटार दिवसा कोरडी, रात्री ओली अशी होत राहते आणि मान रोज वेगळीच वाकते. वाजवून झालं की केसमध्ये, एवढाच उपाय.

मान तपासायची रीत : पहिल्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटची पट्टी बोटाने दाबायची, सातव्या-आठव्या पट्टीशी तार आणि पट्टी यांतली फट बघायची. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीहून जरा कमी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतला धातूचा गज) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. एका वेळी पावच. मग रात्रभर थांबा आणि पुन्हा मोजा. एका दमात पूर्ण फेरा देणाऱ्यांचे रॉड तुटतात.

आता गुणगुण. लाइट गेल्यावर ॲम्प इन्व्हर्टरवर लावला आणि घूं-घूं वाढली, तर ॲम्प बिघडलेला नाही. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात, ती गुणगुण तिचीच. प्युअर साइनवेव्ह इन्व्हर्टरवर ती जाते. जुन्या घरात अर्थिंग धड नसतं म्हणून तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कुणीतरी देतोच. ते करू नका बे, तारांतून झटका बसू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या.

डबलपेडल

सोलापुरी चादरीचा खरा उपयोग इथे लिहितो. पायाच्या ढोलात एक सिंगल चादर घडी करून अशी ठेवा की दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकेल. घुमारा कमी होतो, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. जलद दुहेरी पायकामाला हेच हवं. दोन चादरी कोंबल्या तर खोक्यावर मारल्यासारखं वाजतं. फ्लोअर टॉमवर इथलाच टर्किश टॉवेल, अर्ध्या भागावरच.

भिंतीला चादर लावून आवाज शेजारी जाणार नाही अशी समजूत असेल तर सोडा. चादर खोलीतला चरचरीत प्रतिध्वनी खाते, तीसुद्धा भिंतीपासून तीन-चार इंच सुटी टांगली तरच. खालचे सूर तिला जुमानत नाहीत आणि भिंतीपलीकडे नेमके तेच जातात. शेजाऱ्यांशी वेळ ठरवून घेणं स्वस्त पडतं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत कुणी तक्रार करत नाही म्हणा.

कडकभाकरी

मैफली मुंबई, बंगळूर, पुणे, हैदराबाद इथेच. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, मैफलीचं तिकीट त्याच्या कितीतरी आधी विकायला येतं. म्हणून मैफलीची तारीख कळताच साठ दिवस मागे मोजून गजर लावा. बंगळूरला उद्यान एक्स्प्रेस थेट आहे. पुण्याला सकाळची हुतात्मा. मुंबईला सिद्धेश्वर रात्री निघून पहाटे पोचवते.

घोळ परतीचा आहे. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक कायद्याने रात्री दहाला बंद होतो, आणि सिद्धेश्वर सीएसएमटीहून साडेदहाच्या पुढे सुटते. गोरेगावहून ती गाठायची म्हणजे शेवटची दोन गाणी सोडायची, आणि नेमकी तीच लांब असतात. दादर किंवा कल्याणहून चढायचं ठरवलंत तर तिकिटावर बोर्डिंग स्टेशन आधीच बदलून घ्या. ऑनलाइन बदल ठरलेल्या मुदतीतच होतो. तो केला नाही तर तुम्ही मूळ स्टेशनवर आला नाहीत म्हणून बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. धड मार्ग म्हणजे रात्री मुक्काम आणि सकाळची गाडी.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आठवडाभर काही होत नाही. आत खाणं नेऊ देत नाहीत, तेव्हा रांगेतच उरका. पाणी दुपारपासून पीत राहा, दारात उभं राहून एकदम लिटरभर नाही.

कानसेन

सोबत इअरप्लग न्याच. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. त्या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मैफल दोन तासांची आणि बहुधा त्याहून मोठ्या आवाजाची. फोमचे स्वस्त प्लग वरचे सूर जास्त खातात, झांजा चिखलात गेल्यासारख्या वाटतात. संगीतासाठीचे जाळीवाले प्लग सगळे सूर साधारण सारखे कमी करतात. फोमचाच असेल तर बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत घालून तीस सेकंद धरून ठेवा. बहुतेक लोक तो नुसता खोचतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात.

खालच्यामजल्यावरची

घरात आईवडील असतील आणि गुरगुरणारा गळा चालणार नसेल, तर ओपेथचा ‘डॅमनेशन’ (२००३) लावा. अख्ख्या अल्बममध्ये एकही गुरगुर नाही. २०११ च्या ‘हेरिटेज’पासून २०१९ च्या ‘इन काउडा व्हेनेनम’पर्यंतही सगळं साफ गळ्याने. तो शेवटचा स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, स्वीडिश आधी ऐका. २०२४ च्या अल्बममध्ये गुरगुर परत आली आहे, तेव्हा तो हेडफोनवर.

काळाटीशर्ट

बोअरच्या जड पाण्यात काळा कापूस चार धुण्यांत राखाडी होतो. उलटा करून, गार पाण्यात, शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर. वाळत सावलीत. इस्त्री आतून, छापावर कधीच नाही. परदेशी दुकानातून मागवलात तर कुरिअरवाला केवायसी मागतो आणि वर सीमाशुल्क लागतं. एकट्याने मागवण्यापेक्षा तिघाचौघांनी मिळून मागवा, पाठवणीचा खर्च वाटला जातो. माप एक आकडा लहान घ्या, तिकडचे शर्ट ढगळ असतात.

साडेसातमात्रा

@सातवीतार, आठ तारांच्या गिटारबद्दलही लिहा. ड्रीम थिएटरच्या २०२१ च्या अल्बममधल्या ‘अवेकन द मास्टर’मध्ये ती आहे, आणि तिला तारा कोणत्या जाडीच्या लावायच्या हे दोघांनी व्यनिवर (व्यक्तिगत निरोपात) विचारलंय.